मुदखेडहून नांदेडला रूम करायची? 'क्लास एरिया'तल्या कॉलनीत राहणं नेमकं कसं असतं

दहावीचा निकाल लागला की मुदखेडमधल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. अकरावीला नांदेडला रोज अपडाऊन करायचं, की तिथंच रूम करायची?

अंतर तसं फार नाही. रेल्वेने मुदखेड ते नांदेड साधारण २२ किलोमीटर, मध्ये मुगट आणि मालटेकडी ही स्टेशनं. पण कॉलेज, क्लास, टेस्ट आणि अभ्यासिका यांच्या वेळा गाडी पाहून ठरत नाहीत. मग श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगर, आनंदनगर अशा भागांत खोली शोधणं सुरू होतं. या कॉलन्या मुळात विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या नाहीत. ती लोकांची राहती घरं आहेत. त्यामुळे इथला बहुतेक व्यवहार तोंडी, ओळखीवर चालतो. अडचण येते तेव्हा हाच तोंडी व्यवहार विद्यार्थी आणि घरमालक दोघांनाही महागात पडतो. कसं, ते समजून घेऊया.

नांदेड 'शिकायचं गाव' कसं झालं?

सुरुवात जुनी आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने १९५० साली नांदेडमध्ये पीपल्स कॉलेज सुरू झालं. १९८१ साली श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे या विद्यापीठात येतात.

दुसरा धागा लातूरचा. १९७० साली सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने जादा तास, सततच्या सराव परीक्षा आणि पेपर लिहिण्याचा सराव यांवर भर दिला. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं दिसू लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर पोहोचला. या कॉलेजचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हेच पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

२०१७ पासून राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे प्रवेशही 'नीट'वर होऊ लागले. त्यामुळे क्लासचं महत्त्व आणखी वाढलं. क्लास जिथं, तिथं विद्यार्थी. आणि विद्यार्थी जिथं, तिथं 'रूम भाड्याने देणे आहे'ची पाटी.

अपडाऊन स्वस्त पडतं का?

पैशांचा हिशेब केला तर हो. मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात जाण्यासाठी रेल्वे मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत सेकंड क्लासचा मासिक पास मोफत देते. त्यासाठी कॉलेजचा दाखला लागतो, खासगी क्लासचं ओळखपत्र चालत नाही. एसटीच्या विद्यार्थी पासातही ६६.६७ टक्के सवलत आहे.

खर्च होतो तो वेळ. स्टेशनवर जाणं, गाडीची वाट पाहणं, उतरून ऑटोने क्लास गाठणं आणि संध्याकाळी हेच उलट. गाडी लेट झाली की पहिला तास गेला. म्हणून बरीच घरं मधला मार्ग काढतात. अकरावीला अपडाऊन करायचं आणि बारावीला रूम घ्यायची.

कॉलनीत दिवस कसा जातो?

घर दुमजली असेल तर खाली मालकाचं कुटुंब आणि वरच्या खोल्यांत विद्यार्थी, ही नेहमीची रचना. काही ठिकाणी पूर्ण खोली मिळते, काही ठिकाणी 'कॉट बेसिस', म्हणजे भाडं एका कॉटचं. जेवणाला मेस लावायची किंवा डबा. घरी गेल्यावर चुकलेल्या जेवणाचे 'खाडे' धरणार की नाही, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं असतं. नाहीतर महिन्याच्या शेवटी वाद ठरलेला.

घरमालक म्हणजे 'काका', मालकीण म्हणजे 'काकू'. ताप आला तर काकू पेज करून देतात, आणि रात्री गेट लावायची वेळ झाली तरी पोरगं आलं नाही तर मुदखेडला फोनही त्याच करतात. पालकांना याचाच आधार वाटतो. पण त्याच काकांना डिपॉझिट परत मागायची वेळ आली की जीभ अडखळते. नात्यात बोलायला सुरुवात केली की पैशांचं बोलणं अवघड होऊन बसतं.

घरमालकांचं काय?

त्यांचीही बाजू आहे. अनेकांनी निवृत्तीचे पैसे घालून वरचा मजला चढवलेला असतो आणि भाडं हेच त्यांचं पेन्शन. 'नीट' साधारण मे महिन्यात होते. त्यानंतर खोल्या रिकाम्या होतात आणि नव्या बॅचपर्यंत भाडं थांबतं. काही जण म्हणूनच वर्षाचं भाडं ठरवतात. गल्लीतल्या इतर रहिवाशांना गाड्यांची गर्दी आणि रात्रीचा आवाज सोसावा लागतो.

पाण्याचा प्रश्न आधी का विचारायचा?

एका घरातली माणसं चारांची चौदा झाली तरी नळ तोच राहतो. नांदेडला गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार आहे, तरी उन्हाळ्यात हौद, बोअर आणि टँकर यांचं गणित प्रत्येक गल्लीत वेगळं असतं.

लातूरने तर याचं टोक पाहिलं आहे. मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत १० वाघिणींमध्ये सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणून खोली बघताना भाड्याआधी विचारा: पाणी किती दिवसांआड येतं? टँकर आला तर पैसे कोण देणार? सब-मीटर असेल तर युनिटचा दर काय?

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ इथं महत्त्वाचं आहे. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

– भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी.
– नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.
– असा करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे दाखवायचं काम मालकाचं.
– नियम मोडल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे 'कागद कशाला, आपण घरचेच' असं म्हणण्यात जास्त धोका मालकाचा आहे. शिवाय याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी-विजेसारख्या अत्यावश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. अकरावी-बारावीचा विद्यार्थी बहुधा १८ वर्षांखालचा असतो आणि अल्पवयीन व्यक्तीला करार करता येत नाही. त्यामुळे करार आई किंवा वडिलांच्या नावाने करावा. दुसरी गोष्ट, मालकाच्या राहत्या घरातल्या पेइंग गेस्टला हा कायदा 'लायसन्सी' धरत नाही. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांनी निदान डिपॉझिट आणि भाड्याची सहीची पावती घ्यावी आणि पैसे ऑनलाइन द्यावेत, म्हणजे नोंद राहते.

खर्च झेपत नसेल तर?

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तरी काही योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, तर ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. यांत राहण्या-जेवणाची ठरावीक रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येते. कोणत्या वर्गाला आणि अभ्यासक्रमाला लाभ मिळतो, हे अर्ज करण्याआधी तपासा. खासगी हॉस्टेलवाला जीएसटी मागत असेल तर हेही माहीत हवं: माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचं आणि सलग किमान ९० दिवसांचं राहणं २०२४ पासून जीएसटीमुक्त आहे.

थोडक्यात

रूम ठरवायला जाताना आई-वडिलांपैकी एकाने तरी सोबत जावं. पाणी, वीज, गेटची वेळ, खाडे, डिपॉझिट कधी आणि किती कापून परत मिळणार, हे सगळं विचारावं आणि लिहून घ्यावं. काका-काकूंना याचा राग येईल अशी भीती वाटते. पण दोन वर्षांनी बॅग भरून मुदखेडची गाडी पकडताना त्यांच्या पाया पडून निघायचं असेल, तर पैशांचं बोलणं पहिल्याच दिवशी झालेलं बरं.