खाणीकडची वाट

सोन्याचा आजचा भाव काय, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. लग्नसराई आली की घरोघरी तोच विषय. पण वाचकहो, हे सोने जमिनीच्या पोटातून वर आणले कोणी, हा प्रश्न सराफाच्या पेढीवर कोणी विचारीत नाही. आणि विचारला, तरी सराफाला त्याचे उत्तर ठाऊक असण्याचे कारण नाही. विसाव्या शतकातला बहुतेक काळ जगात सर्वांत अधिक सोने निघाले ते दक्षिण आफ्रिकेत. ते खणणारे हात मात्र पुष्कळसे त्या देशाचे नव्हतेच. ते मोझांबिकचे होते, बासुतोलँडचे म्हणजे आजच्या लेसोथोचे होते, न्यासालँडचे म्हणजे आजच्या मलावीचे होते. ही माणसे येत कशी, परत जात कशी आणि मधल्या काळात त्यांच्या घरी काय होत असे, त्याची ही हकीकत.

विटवॉटर्सरँडच्या डोंगरकण्यावर सोने सापडले ते १८८६ साली. बघता बघता जोहान्सबर्ग उभे राहिले. सोने होते अफाट, पण ते होते कसे? नदीच्या वाळूत चमकणारे खडे नव्हेत. कठीण दगडात विखुरलेली कणी, टनभर दगड फोडावा तेव्हा काही ग्रॅम हाती यावयाचे. शिवाय हा थर तिरका खाली उतरत गेलेला. म्हणजे जितके सोने काढावे तितके अधिक खोल जावे लागे. पुढे ह्या खाणी तीन किलोमीटरांच्याही खाली गेल्या. दुसरीकडे सोन्याचा भाव जगाने बांधून टाकलेला. १९३४ पासून १९७१ पर्यंत तो औंसाला ३५ डॉलर होता, त्याआधीही तो मोकळा नव्हताच. दुकानदार खर्च वाढला की भाव वाढवतो. खाणमालकाला ती सोय नव्हती. यंत्रे विलायतेहून यावयाची, त्यांची किंमत कमी करणे हाती नाही. गोरे कारागीर संघटित, त्यांच्या हाती मताचा अधिकार. मग काटकसर करावयाची कोठे? काळ्या मजुराच्या मजुरीत. पुढची सगळी गोष्ट ह्या एका हिशेबातून निघते.

आता मालक आपापसांत चढाओढ करू लागले, तर मजुरी वाढणार. म्हणून त्यांनी एकी केली. खाणींच्या चेंबरने १९०० साली मजूरभरतीसाठी एक स्वतंत्र संस्था काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून साऱ्या दक्षिण आफ्रिकाखंडात तिला ‘वेनेला’ असे नाव पडले. १९१२ साली देशातल्या आणि शेजारच्या ब्रिटिश मुलखांतल्या भरतीसाठी दुसरी संस्था निघाली. कोणत्या खाणीने सरासरी मजुरी किती द्यावी ह्याला वरची मर्यादा ठरली. खाणी अनेक, पण मजुराच्या दृष्टीने मालक एकच! ह्या खाणीत परवडत नाही म्हणून तो शेजारच्या खाणीत गेला, तरी दर तोच.

पण माणसे मुळात घर सोडून निघालीच का? ह्याची दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्ही अर्धवट आहेत. पहिले असे की त्यांना ढकलले. ते खरे आहे. झोपडीपट्टी बसली. झोपडीपट्टी म्हणजे वस्ती नव्हे बरे, दर झोपडीमागे सरकारात भरावयाची पट्टी! ती रोख नाण्यांत भरावयाची, आणि नाणी शेतात पिकत नाहीत. सेसिल ऱ्होड्स केप वसाहतीचा मुख्यमंत्री असताना, १८९४ साली, ग्लेन ग्रे कायद्यात अशी तरतूद झाली की वर्षातले तीन महिने बाहेर मजुरी न करणाऱ्या पुरुषावर दहा शिलिंगांचा कर. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य काळ्या प्रजेच्या वाट्याला देशाची अवघी सात टक्के जमीन आली. १९३६ नंतर ती कशीबशी तेरा टक्क्यांच्या घरात गेली. मोझांबिकात तर पोर्तुगीज सरकारची वेठ होती, तिला ‘शिबालो’ म्हणत. त्या वेठीपेक्षा खाण बरी, असे म्हणून माणसे सरहद्द ओलांडीत.

दुसरे उत्तर असे की ती आपखुशीने गेली. त्यातही तथ्य आहे, आणि ते नाकारणे म्हणजे त्या माणसांना मेंढरे समजणे होय. खाणी निघण्याच्या आधीपासून दक्षिण मोझांबिकातले तरुण पायी नाताळच्या उसाच्या मळ्यांवर आणि किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर जात होते. त्यांना बंदूक हवी होती, कापड हवे होते; मुख्य म्हणजे लग्न करावयाचे होते. त्यांच्याकडे वरपक्षाने वधूपित्यास द्यावे लागते, त्याला ‘लोबोलो’ म्हणतात. गुरे रोगाने आणि युद्धाने कमी झाली तेव्हा लोबोलो सोन्याच्या पौंडांत देण्याची चाल पडली. पोराने रँडवर एक फेरी मारली की बापाच्या उपकाराशिवाय त्याला बायको करता येई. परत आलेल्या तरुणाला ‘मागाइसा’ म्हणत. बूट, ट्रंक, नवी घोंगडी, जरा तोऱ्याची चाल. न गेलेल्याकडे मुली बघेनात. तेव्हा ढकलणारा हात होता हे खरे, तसा पुढे ओढणाराही होता.

पोर्तुगीज सरकारने ह्या माणसांचा रीतसर व्यापारच केला. १८९७, १९०१, १९०९ आणि १९२८ असे करार होत गेले. दर मजुरामागे फी. शिवाय जोहान्सबर्ग भागाच्या मालवाहतुकीतला साधारण अर्धा वाटा लोरेंसो मार्कीश बंदरातून, म्हणजे आजच्या मापुतोतून, जाण्याची हमी. माणसे द्या, बंदर चालवा! १९२८ नंतर मजुराच्या पगाराचा एक भाग राखून ठेवून तो मायदेशी परतल्यावरच देण्याची पद्धत आली. पुढे हा राखीव पगार पोर्तुगीज सरकारला सोन्याच्या रूपाने, बांधलेल्या सरकारी भावाने मिळू लागला. सोन्याचा बाजारभाव चढला तेव्हा मधला फरक तिजोरीत गेला. मजुराला मिळाले ते ठरलेले एस्कुडो. दरोडा घालायला दरवेळी कुऱ्हाड लागतेच असे नाही.

बोअर युद्ध संपल्यावर मालकांनी मजुरी उतरवली, तेव्हा आफ्रिकी मजूर आलेच नाहीत. मग १९०४ ते १९०७ ह्या काळात सुमारे ६३ हजार चिनी मजूर आणले गेले. ते प्रकरण विलायतेच्या निवडणुकीत गाजले आणि १९१० पर्यंत त्यांची परत रवानगी झाली. ह्याच सुमारास, १९०४ साली, जोहान्सबर्गजवळच्या एका सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्या हिंदी मजुरांत फुप्फुसाचा प्लेग शिरला आणि गांधीजी त्यांच्या शुश्रूषेस धावले. येथे मराठी वाचकाला सांगण्याजोगी आणखी एक आठवण आहे. १९१२ साली नामदार गोखले त्या शहरी गेले, तेव्हा तेथे कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू मंडळी होती. गोखल्यांनी मराठीत बोलावे, मी तर्जुमा करतो, असे गांधीजी म्हणाले. गांधीजींच्या मराठीच्या ज्ञानावर गोखल्यांनी थट्टा केली, पण ते बोलले मराठीतच! पाहा, सोन्याच्या त्या शहरात कोठकोठचे पाय लागले होते.

उष्ण उत्तरेकडचे मजूर न्यूमोनियाने इतके दगावू लागले की १९१३ मध्ये बावीस अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडून भरती करण्यास सरकारला बंदी घालावी लागली. पनामा कालव्यावर कीर्ती मिळवलेले डॉक्टर गॉर्गस ह्यांना सल्ल्यासाठी बोलावले. त्यांनी सांगितले ते साधे होते: माणसांना एका खोलीत कोंबू नका, जागा द्या, शेवटी त्यांना कुटुंबासह घरांत राहू द्या. खाटांमधले अंतर थोडे वाढले, लशी टोचल्या गेल्या. कुटुंबाची गोष्ट मात्र कोणी मनावर घेतली नाही. बंदी १९३० नंतरच्या दशकात उठली.

का मनावर घेतली नाही? कारण सारा डोलारा त्याच्यावरच उभा होता. किंबर्लीच्या हिरेखाणींत १८८५ पासून भिंतीआडचे बंदिस्त आवार सुरू झाले, त्याला ‘कंपाउंड’ म्हणत. सोन्याच्या खाणींनी तीच पद्धत थोडी सैल करून घेतली. एकेका खोलीत अनेक माणसे, सिमेंटचे दुमजली ओटे, सामुदायिक जेवण. कोणाची भाषा कोणाला येत नाही, म्हणून झुलू, इंग्रजी आणि आफ्रिकान्स ह्यांचे मिश्रण करून फानागालो नावाची बोली चालवली. तीत हुकूम सोडता येत, गप्पा मारणे कठीण. मोझांबिकच्या मजुराचा करार बारा महिन्यांचा, वाढवला तर अठरा. मग परत गावी जाणे सक्तीचे. बायकापोरे आणावयाची नाहीत. आपला कोकणी गिरणीकामगारही मुंबईत एकटाच राहून गावी मनिऑर्डर धाडीत असे. परंतु त्याला कायद्याने कोणी भिंतीआड ठेवले नव्हते, आणि चार पैसे साठले तर तो बिऱ्हाड करू शकत होता.

मालकांचे म्हणणे असे: मजुराचे घर गावच्या शेतीवर चालते, तेव्हा आम्ही एकट्या माणसापुरती मजुरी दिली की झाले. ऐकायला हे ठीक वाटते. १९४३ साली नेमलेल्या लान्सडाऊन आयोगाने ह्याची छाननी केली. खेड्यांतल्या धान्याचा, गुरांचा, घरखर्चाचा हिशेब काढला तेव्हा दिसले की शेतीचे हे पाठबळ बव्हंशी कल्पनेतले आहे. आयोगाने मजुरीवाढ सुचवली, मिळाली त्याहून कमी. १२ ऑगस्ट १९४६ रोजी साठ-सत्तर हजारांहून अधिक खाणमजुरांनी संप केला. मागणी दिवसाला दहा शिलिंगांची. मिळत होते दोन-अडीच. पोलिसांनी काहींना खाणीच्या तळातून मारीत मारीत वर आणले. आठवड्याच्या आत संप मोडला. किमान नऊ माणसे मेली, बाराशेहून अधिक जखमी झाली.

फ्रान्सिस विल्सन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली खाणींचे आकडे मांडून दाखवले, ते वाचताना दुसऱ्यांदा तपासून पाहावेसे वाटतात. महागाई वजा केली तर १९६९ मधली काळ्या मजुराची रोख मजुरी १९११ च्या मजुरीपेक्षा अधिक नव्हती. किंबहुना कमीच असावी. अठ्ठावन्न वर्षे! ह्याच काळात गोऱ्या कामगाराचा पगार त्याच्या बारा पटींच्या आसपास होता तो वीस पट झाला.

आकड्यांविषयी थोडे. जगातल्या फारच थोड्या स्थलांतरांची मोजणी इतकी चोख झाली असेल. किती डोकी आली, कोणत्या जिल्ह्यातून, किती वजनाची, किती पाळ्या भरल्या, सारे वह्यांत आहे. पण ज्या वहीत पुरुष आहे त्या वहीत त्याची बायको नाही. १९७० नंतरच्या दशकात लेसोथोसारख्या लहानशा देशाचे लाखाहून अधिक पुरुष खाणींवर होते. देशाच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग त्यांच्या पैशावर. गावांत नांगर धरावयाला बाप्या माणूस सापडेना. नवरा जिवंत असून एकट्याने संसार ओढणाऱ्या तेथल्या स्त्रियांना अभ्यासक ‘सोन्याच्या विधवा’ म्हणू लागले. ही विधवा पैशाची वाट पाही, शेत दुसऱ्याला अर्धेलीने देई, पोरे वाढवी. आणि पोरगा अठराचा झाला की त्याच भरती कचेरीच्या दारात उभा राही.

वेनेलाने उत्तरेकडच्या मजुरांसाठी विमानेही ठेवली होती. ४ एप्रिल १९७४ रोजी बोट्स्वानातल्या फ्रान्सिसटाउनहून मलावीचे मजूर घरी घेऊन निघालेले विमान इंधनातल्या भेसळीमुळे कोसळले आणि ७८ जण ठार झाले. मलावीचे अध्यक्ष बांडा ह्यांनी भरतीच थांबवली. पुढच्याच वर्षी मोझांबिक स्वतंत्र झाले. १९७३ साली खाणींतल्या काळ्या मजुरांपैकी पाचांतले चार परदेशचे होते. ते दशक सरता सरता ते निम्म्याहून कमी झाले. सोन्याचा भाव मोकळा होऊन चढला होता, मजुरी वाढवणे परवडू लागले होते, तेव्हा देशातली माणसे मिळू लागली. म्हणजे इतकी वर्षे ती मिळत नव्हती ती का, हे वेगळे सांगावयास नको. १९८७ नंतर खाणी आखडत गेल्या. जेथे एकेकाळी पाच लाख माणसे राबत होती तेथे आज लाखभरही कष्टानेच असतील. लेसोथोतून आता सरहद्द ओलांडतात त्या पुष्कळदा स्त्रिया, घरकामासाठी.

आफ्रिकेतून माणसे निघतात ती सगळी युरोपच्या किनाऱ्याकडे, असा आपला समज वर्तमानपत्रांतल्या बोटींच्या छायाचित्रांनी करून दिला आहे. संयुक्त राष्ट्रांचा २०२० चा अंदाज पाहावा: आपला देश सोडून आफ्रिकेतच दुसऱ्या देशात राहणारे आफ्रिकी सुमारे २ कोटी १० लाख, आणि खंडाबाहेर राहणारे १ कोटी ९५ लाख. पायवाटा अजून शेजारच्याच गावी जातात.

खाणीचा हिशेब खाणीच्या फाटकाशी संपत असे. दगड फोडताना उडालेली बारीक धूळ मात्र मजुराबरोबर गावी गेली. ती फुप्फुसात साचते, वर्षे गेल्यावर दम लागू लागतो, क्षयही जडतो. ह्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तोवर करार संपलेला, नाव कमी झालेले, माणूस डोंगरातल्या झोपडीत खोकत पडलेला. मजुरांनी आणि विधवांनी मिळून दावा लावला. जुलै २०१९ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने सुमारे पाच अब्ज रँडच्या तडजोडीस मान्यता दिली आणि पैसे वाटण्यासाठी एक न्यास स्थापन झाला. १२ मार्च १९६५ नंतर ज्यांनी त्या खाणींत धुळीत काम केले, त्यांना, आणि ते नसतील तर त्यांच्या वारसांना, अर्ज करता येतो. पण नवरा अमुक खाणीत अमुक वर्षी होता ह्याला पुरावा काय? वेनेला आणि तिची जोडीदार संस्था १९७७ साली एकत्र होऊन ‘तेबा’ झाली. तिच्याकडे ते जुने भरतीचे दप्तर आहे. आता लेसोथोच्या आणि मोझांबिकच्या म्हाताऱ्या बाया तेबाच्याच कचेरीत येतात, आणि ज्या वहीत त्यांना कधी जागा नव्हती त्या वहीत नवऱ्याचे नाव शोधून घेतात.