हायपेशिया, हायड्रोमीटर आणि काळी पोर्टर

घरी बिअर करणारे लोक बार्लीच्या माल्टचा गोड काढा आंबवायला ठेवण्याआधी त्यात काचेची खुणा केलेली नळी, म्हणजे हायड्रोमीटर, सोडतात. समजा, ती १.०५० वर तरंगली. यीस्टचं काम आटोपल्यावर साखर कमी झालेली असते, अल्कोहोल वाढलेलं असतं, द्रव हलका झालेला असतो. आता नळी आणखी बुडते आणि १.०१० दाखवते. दोन्ही आकड्यांतला फरक गुणिले १३१.२५, म्हणजे सुमारे ५.२५ टक्के अल्कोहोल.

खरं तर हायड्रोमीटरला अल्कोहोल कळतच नाही. त्याला कळतो फक्त द्रवाचा जडपणा. दूध तपासणारा लॅक्टोमीटर याच घराण्यातला. या घराण्याचं मूळ शोधू गेलं, तर बिअरशी काडीचा संबंध नसलेलं एक पत्र हाती लागतं.

पाचव्या शतकाच्या आरंभी सिनेसियस या तत्त्वज्ञाने अलेक्झांड्रियातल्या आपल्या गुरू, गणितज्ञ हायपेशिया यांना लिहिलं, की आपले दिवस इतके वाईट आलेत की ‘हायड्रोस्कोप’ लागतो आहे, तेवढा करवून घ्यावा. पुढे बासरीएवढी नळी, तिच्यावर उभ्या रेषेत खाचा, तळाशी घट्ट बसवलेला शंकू असं तपशीलवार वर्णन येतं. या पत्राच्या जोरावर हायपेशियाच हायड्रोमीटरची जनक, असं बिनदिक्कत सांगितलं जातं. पण वस्तू जिने शोधली, तिलाच ती कशी असते हे शिष्य कशाला समजावेल? अकराशे एकवीस साली अल-खाझिनी या शास्त्रज्ञाने अशाच उपकरणाचं श्रेय पॅपस या गणितज्ञाला दिलं. पॅपसही अलेक्झांड्रियाचाच, हायपेशियाच्या आधीच्या शतकातला. त्याचं पारडं जड वाटतं.

ही वस्तू नेमकी काय, यावरही पंडितांचं जमत नव्हतं. कुणी तिला जलघटिका म्हणे, कुणी जमिनीची पातळी पाहायचं साधन. सतराव्या शतकात गणिती फर्माने गाठ सोडवली: पाण्याचं वजन तपासणारी ही नळी आहे, आणि आजाऱ्याला हलकं पाणी निवडून देण्यासाठी ती हवी असावी. पातळीवाल्यांना तर पत्रच खोटं पाडतं, कारण त्यातली नळी पाण्यात उभी राहते. आजारपण मात्र फर्माची भर. सिनेसियस फक्त दुर्दैवाबद्दल बोलतो. काहींना त्यात पाण्यावरून भविष्य पाहण्याचा खटाटोप दिसतो. पण शकुन पाहणाऱ्याला मोजमापाच्या खाचा हव्यात कशाला? फर्माचा तर्कच अधिक पटतो.

त्यानंतरचा प्रवास संशयाच्या वाटेने झाला. सोळाशे पंचाहत्तर साली रॉबर्ट बॉइलने खोटी नाणी ओळखण्यासाठी असं उपकरण मांडलं. मग इंग्लंडचे करवसुली अधिकारी दारूवर कर लावायला ते वापरू लागले. १८१६ च्या कायद्याने साइक्सचा हायड्रोमीटर अधिकृत झाला. त्याच्या मोजणीतली ‘प्रूफ’ दारू म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल. महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्कातला ‘प्रूफ लिटर’ तिथलाच.

बिअरवाल्यांना मात्र ही नळी नकोशी होती. हॅम्पशरमधल्या ऑल्टनचा जेम्स बेव्हरस्टॉक १७६८ च्या सुमारास ती बिअरसाठी वापरू लागला, तेही वडिलांच्या चोरून. लंडनचा बिअर-कारखानदार सॅम्युअल व्हिटब्रेड याने त्याला वाटेला लावलं; दुसरा कारखानदार हेन्री थ्रेल याने मात्र त्याला उत्तेजन दिलं. नाव झालं ते हल शहराच्या जॉन रिचर्डसनचं, कारण त्याने १७८४ मध्ये या उपकरणाच्या वापरावर पुस्तकच काढलं.

नळीने एक जुना समज मोडला. स्वस्त म्हणून वापरला जाणारा तपकिरी माल्ट साखर इतकी कमी देई, की महाग फिका माल्टच अखेर परवडे. कारखानदार फिक्या माल्टकडे वळले आणि लंडनच्या पोर्टर या गडद बिअरचा रंग उडाला. वरून रंग घालायला १८१६ मध्ये बंदी आली. पुढच्याच वर्षी डॅनियल व्हीलरने माल्ट काळा होईपर्यंत भाजण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि पोर्टर तेव्हापासून त्या काळ्या माल्टने रंगवली जाऊ लागली.