फवारणी पंपाची बॅटरी घरी चार्ज करताना

पाठीवरच्या बॅटरी पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी असते. १.७ अँपिअरच्या चार्जरवर ती रिकामी असेल तर भरायला पाच-सहा तास लागतात. खरी गडबड होते ती बॅटरी बदलताना. जुनी गेली की वजनाला हलकी म्हणून लिथियमची बसवतात. चार्जर मात्र, चार पैसे वाचवायला, जुनाच. पिन बसते, दिवाही लागतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण लेड-अॅसिडचा चार्जर १४ व्होल्टच्या वर जातो आणि तीन सेलची लिथियम-आयन बॅटरी १२.६ व्होल्टलाच पूर्ण भरते. आतलं संरक्षक सर्किट नसलं किंवा बिघडलं, तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. नव्या बॅटरीबरोबर तिचाच चार्जर मागून घ्या.

चार्जिंग फरशीवर, मोकळ्या हवेत करा. गोठ्यात कडब्याजवळ नको. पंप आधी पुसून कोरडा करा, पिनेच्या भोकात औषधाचं पाणी राहतं. रात्रभर लावून झोपू नका. फुगलेली बॅटरी तर लावूच नका. हंगाम संपल्यावर लेड-अॅसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की कायमची बसते. ती भरून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा चार्जिंगला लावा.