स्विफ्ट संकेतांक : पत्ता अचूक, पण आदेश खरा?

परदेशातून भारतातील खात्यात पैसे पाठवताना बँकेचा ‘स्विफ्ट कोड’ विचारला जातो. भारतीय स्टेट बँकेचा मुंबईतील संकेतांक आहे ‘एस-बी-आय-एन-आय-एन-बी-बी’. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची, नंतरची दोन ठिकाणाची. एखादी शाखा दाखवायची असल्यास आणखी तीन चिन्हे जोडली जातात. आपला देशांतर्गत आयएफएससीदेखील अकरा चिन्हांचा असतो, त्यामुळे गल्लत होते. पण त्यात पाचव्या स्थानी शून्य असते आणि देशाचा उल्लेख नसतो.

या संकेतांकाच्या आधी टेलेक्सचे युग होते. पैसे देण्याचा आदेश मुक्त मजकुरात येई. तो खऱ्या बँकेकडूनच आला आहे हे पडताळण्यासाठी कर्मचारी गुप्त कोष्टकांवरून एक परीक्षण-अंक हाताने काढीत. काम संथ आणि चुकांना वाव देणारे होते. १९७३ मध्ये १५ देशांतील २३९ बँकांनी ब्रुसेल्स येथे ‘स्विफ्ट’ ही सहकारी संस्था स्थापन केली. १९७७ मध्ये बेल्जियमचे राजपुत्र आल्बर्ट यांनी तिचा पहिला संदेश पाठवला. मजकुराला ठरावीक साचा मिळाला आणि प्रत्येक बँकेला यंत्राला कळेल असा पत्ता. पुढे हाच पत्ता ‘आयएसओ ९३६२’ या आंतरराष्ट्रीय मानकाखाली आला.

मात्र स्विफ्टमधून पैसा जात नाही. जातो तो केवळ संदेश. रक्कम बँकांच्या परस्परांकडील खात्यांत नोंदींनी इकडची तिकडे होते. संदेश योग्य दाराशी पोहोचला, एवढेच संकेतांक सांगतो. तो पाठवणाऱ्याचा हेतू त्याला कळत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये हे उघड झाले. बांगलादेश बँकेच्या संगणकांत शिरलेल्या चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे ३५ आदेश पाठवले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर. यंत्राच्या लेखी ते वैध होते. ३० आदेश अडवले गेले, तरी ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी मात्र परत आले, कारण ‘फाउंडेशन’ऐवजी ‘फँडेशन’ लिहिलेले मधल्या बँकेच्या नजरेला खटकले. यंत्राने जे पाहिले नाही ते शुद्धलेखनाने पकडले!

भारतात तर बाहेरच्या चोराचीही गरज पडली नाही. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेचा घोटाळा उघडकीस आला. तेथून स्विफ्टवरून परदेशस्थ शाखांना हमीपत्रे जात होती; परंतु बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत, म्हणजे कोअर बँकिंगमध्ये, त्यांची नोंदच होत नव्हती. दोन यंत्रणा जोडलेल्या नसल्याने एकीकडची हमी दुसरीकडे दिसत नव्हती. घोटाळ्याचा आकडा १३ हजार कोटी रुपयांच्या वर गेला. स्विफ्टच्या गैरवापराबाबत ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा बँकांना गोपनीय इशारे दिले होते, असे रिझर्व्ह बँकेने त्यानंतर जाहीर केले. इशारे गोपनीय राहिले आणि बहुधा दुर्लक्षितही.

मार्च २०१८ मध्ये व्यापारकर्जासाठीची अशी हमीपत्रे बंद झाली आणि दोन्ही यंत्रणा जोडणे बंधनकारक ठरले. तरीही मार्च २०१९ मध्ये स्विफ्टविषयक निर्देश न पाळल्याबद्दल रिझर्व्ह बँकेला ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड करावा लागला.