टिळकांच्या दोन शिक्षा
नामांकित आरोपीला कायदा सौम्यपणे वागवतो का, याचे उत्तर लोकमान्य टिळकांच्या दोन खटल्यांत वेगवेगळे मिळते. १४ सप्टेंबर १८९७ रोजी राजद्रोहासाठी त्यांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. तुरुंगात काथ्याचे काम करावे लागले, वजन झपाट्याने उतरले. पण 'ओरायन' या ग्रंथामुळे त्यांचे नाव युरोपातील विद्वानांपर्यंत पोचले होते. मॅक्स म्युलर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी यांनी दयेचा अर्ज केला आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी, मुदतीआधीच, सुटका झाली. सामान्य कैद्यासाठी असा शब्द टाकणारे कोण होते?

१९०८ च्या दुसऱ्या खटल्यात मात्र हीच प्रसिद्धी सरकारच्या डोळ्यांत सलली. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड. अमरावतीचे नामवंत वकील दादासाहेब खापर्डे यांनी वऱ्हाडातली वकिली सोडून अपिलासाठी लंडन गाठले. प्रिव्ही कौन्सिलने दाद दिली नाही. सवलत मिळाली ती शिक्षेच्या स्वरूपात: अंदमानाऐवजी मंडाले, सक्तमजुरीऐवजी साधी कैद, सोबत ग्रंथ. शाई मात्र नाही. पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिल. 'गीतारहस्य' त्या वह्यांतच, पेन्सिलीने लिहिले गेले. सुटका जून १९१४ मध्ये झाली.