सहीपासून हिशेबापर्यंत

विद्यापीठांनीं निसर्गरक्षणाची प्रतिज्ञा केव्हां घेतली आणि ती पाळल्याचा पुरावा केव्हां मागितला जाऊं लागला, या दोन घटनांत २० वर्षांचें अंतर आहे.

१९९० च्या ऑक्टोबरांत फ्रान्समधील आन्सी सरोवराकांठीं, तालुआर या गांवीं, निरनिराळ्या देशांतील २२ विद्यापीठप्रमुख जमले. निमंत्रक होते अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठाचे अध्यक्ष झां मेयर. तेथील जाहीरनाम्यांत १० कलमें होतीं. पर्यावरणाचें शिक्षण द्यावें, आपल्या आवारांत काटकसरीचा कित्ता घालून द्यावा, सरकार व उद्योग यांचें सहकार्य मिळवावें, असा त्यांचा आशय. पुढें ५०० हून अधिक संस्थांनीं त्यावर सह्या केल्या. वचन कितपत पाळलें गेलें, हें मोजण्याचें माप मात्र त्यांत नव्हतें.

तें माप अमेरिकेंतील उच्च शिक्षणसंस्थांच्या एका संघानें २०१० सालीं ‘स्टार्स’ या नांवानें पुढें आणलें. अध्यापन, ऊर्जा, पाणी, कचरा, समाजाशीं सहकार्य, यांस गुण द्यावयाचे आणि त्यांवरून कांस्य, रौप्य, सुवर्ण वा प्लॅटिनम श्रेणी ठरवावयाची. पहिली प्लॅटिनम श्रेणी २०१५ सालीं कोलोरॅडो स्टेट विद्यापीठानें मिळविली.

यांतील माहिती विद्यापीठ स्वतःच पुरवितें. मग विश्वास कसा ठेवावा? अहवाल कोणासहि वाचावयास खुला असतो, हेंच त्याचें उत्तर. म्हणून महाविद्यालयाच्या दारीं असें मानचिन्ह दिसल्यास पालकांनीं श्रेणी वाचून थांबूं नये. पाणी किती लागलें, कचरा किती उरला, ते आंकडे मागावे. विचारणारें कोणी उरलें नाहीं, तर मानचिन्हाचीहि नुसती सहीच होते.