‘पुरेसे दूर’ म्हणजे किती?

आकाशातील वाहतुकीचा जुना नियम डोळ्यांवर विसंबलेला आहे : समोरचे विमान पाहा आणि टाळा. त्याच्यापासून ‘पुरेसे दूर’ राहा, असे अमेरिकी नियम सांगतो; पुरेसे म्हणजे किती, हे वैमानिकाच्या नजरेवर सोडलेले. पण धडकेच्या मार्गावरचे विमान काचेत एकाच जागी स्थिर दिसते आणि नजर नेमकी तिथेच फसते.

३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने आदळून १२८ जण मृत्युमुखी पडले. त्याच दशकात बेंडिक्स कंपनीतील जॉन मोरेल यांनी प्रश्नच बदलला : अंतर किती उरले यापेक्षा वेळ किती उरला? आजची टक्करविरोधी यंत्रणा याच सूत्रावर उभी आहे. मात्र तिला समोरच्या ट्रान्सपाँडरचे उत्तर लागते. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे ८२ बळी गेले. धडकेतील छोट्या विमानाचा ट्रान्सपाँडर उंची सांगत नव्हता. पुढच्या वर्षी अमेरिकेत ही यंत्रणा कायद्याने सक्तीची झाली.

भारतात ती सक्ती आली चरखी दादरीनंतर. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेले सौदी बोइंग आणि दिल्लीकडे येणारे कझाक इल्युशिन आदळून ३४९ माणसे गेली. येण्याजाण्याचा मार्ग एकच होता. उंची रडारवर दिसत नव्हती, वैमानिक तोंडी सांगेल तीच खरी.

वैमानिकरहित विमानात तर डोळेच नाहीत. म्हणून ‘पुरेसे दूर’ला प्रथमच आकडे द्यावे लागले : ३५ सेकंद, आडवे ४,००० फूट, उभे ४५० फूट. विमानतळाजवळ हे माप चालेना. तिथे विमाने शिस्तीतच जवळून जातात. यंत्र सतत इशारे देत राहिले असते. म्हणून तिथे सेकंदांची अट काढून आडवे अंतर १,५०० फुटांवर आणले. ट्रान्सपाँडर नसलेले विमानही दिसावे यासाठी रडारसारखा स्वतःचा संवेदक बसवणे आले.

हे ओझे मोठ्या यंत्राला पेलते, हातात मावणाऱ्या ड्रोनला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ड्रोन दिसल्याच्या वार्तांनी लंडनचे गॅटविक विमानतळ ठप्प झाले. छोट्या ड्रोनसाठी उरते ते कुंपण. भारताच्या २०२१ च्या नियमांनी विमानतळाभोवतीचा परवानगीचा पट्टा ४५ किलोमीटरवरून १२ वर आणला.

आधीचा प्रत्येक नियम प्रेते मोजून लिहिला गेला. ड्रोनचे आकडे तेवढे आधी लिहिले गेले आहेत. ते आधीच पाळले जातील का, एवढाच प्रश्न आहे.